चौदा बाय नऊ सेंटिमीटरचं पुलगाव

पुलगाववर सहा पोस्टकार्डांचा एक संच काढायचा. चित्रं साधी, सपाट रंगांची, संगणकावर व्हेक्टर पद्धतीनं रेखलेली. काम एवढंसंच, पण त्यातून केवढा वाद उभा राहू शकतो ते मला लिहायचं आहे. वाद घालणारे दोघंही मी कल्पिलेले आहेत. एक, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले सर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता नागपुरात डिझाइनचं काम करते. माणसं कल्पित असली तरी गाव खरं आहे आणि भांडणही खरं आहे. लहान गावाचं चित्र सोपं करताना त्यातलं काय गाळायचं, आणि गाळण्याचा हक्क कधी मिळतो?

ती लॅपटॉप उघडते. सर चष्मा पुसून पुढे सरकतात.

ती: सर, हे पहिलं कार्ड. खाली वर्धा नदी, वर पूल, पुलावर गाडी. तीनच रंग वापरले.

सर: कुठला पूल आहे हा?

ती: आपलाच. पुलगावचा.

सर: आपल्या पुलाला अशा कमानी आहेत का? खांब किती आहेत, सांग बरं.

ती: मोजले नाहीत. तयार चित्रांच्या संग्रहात रेल्वेचा पूल शोधला, त्यातला बरा आकार घेतला आणि त्यावर काम केलं.

सर: मग हा पूल ज्यानं काढला त्याच्या गावचा झाला. अठराशे सदुसष्टात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. त्यासाठी वर्धा ओलांडावी लागली. त्या ओलांडण्यातून आपलं गाव वाढलं, आणि तूच तो पूल दुसऱ्याचा लावून राहिली?

ती: पण सर, कार्ड केवढं असते पाहा ना. डाक खात्याचं पोस्टकार्ड चौदा सेंटिमीटर लांब, नऊ सेंटिमीटर रुंद. त्यात पुलाचा प्रत्येक सांधा काढला तर नुसतं जाळं दिसेल. पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हा पूल आहे. आपल्याकडची निवडणूक चिन्हं पाहा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, म्हणजे १९५१-५२ पासून, वाचता न येणारा माणूसही चित्र पाहून मत देतो. निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीनं काढलेल्या वस्तू अजून मतपत्रिकेवर आहेत. त्यात कुठं बारकावे आहेत? तरी कोणी चुकत नाही.

सर: सेठींचं काम मला मान्य आहे. पण त्यांना काय काढायचं होतं ते ध्यानात घे. त्यांची सायकल कोणाचीही सायकल असायला पाहिजे होती. गोंदियाच्या माणसालाही ती आपली वाटली पाहिजे आणि केरळातल्यालाही. तुझं काम उलटं आहे. तुझा पूल फक्त पुलगावचा वाटला पाहिजे. धामणगावच्या माणसानं पाहून म्हटलं पाहिजे, हा तर नदीपलीकडचा पूल.

इथं मला सरांच्या बाजूनं उभं राहायचं आहे. चिन्ह आणि ओळख यांतला फरक साध्या चित्रांच्या कामात फार लवकर विसरला जातो. शौचालयाच्या दारावरची बाई कोणतीही बाई असते, तिनं तसंच असावं. पोस्टकार्ड मात्र एका जागेहून निघतं. त्यावर एका डाकघराचा शिक्का बसतो. ते चिन्हांच्या नियमानं काढलं तर खालचं नाव बदलून तोच संच चाळीसगावला, बडनेऱ्याला, मनमाडलाही विकता येतो. आज अनेक शहरांच्या नावानं निघणाऱ्या मगवर आणि चुंबकांवर नेमकं हेच दिसतं.

पण तिचं म्हणणंही एवढ्यानं संपत नाही.

ती: सर, मग तुम्हीच आम्हाला संकल्पचित्र काहून शिकवलं? ग्रेड परीक्षेत संकल्पचित्राच्या पेपरला तुम्ही काय सांगत होते ते मला पाठ आहे. पोस्टर कलर घट्ट ठेवा, रंग सपाट भरा, ब्रशचे फटकारे दिसू देऊ नका, कडा स्वच्छ पाहिजेत, रंग मोजकेच घ्या. मी आज संगणकावर तेच करते. तुम्हीच शिकवलेलं.

सर: बरोबर. पण त्याच परीक्षेत स्मरणचित्राचाही पेपर असतो. बाजार, पाणवठा, बसस्थानक. समोर काही ठेवलेलं नसते. पोराला आठवून काढावं लागते. मी स्मरणचित्राला मुलांना काय सांगत होतो?

ती: आधी जाऊन पाहून या.

सर: बस. तुझ्या कार्डात संकल्पचित्र आहे. स्मरणचित्र नाही.

एका परीक्षेतल्या दोन पेपरांत हा वाद किती नेमका बसतो. एक पेपर सांगतो की कागदाची जागा नीट भरा, आकारांचा तोल सांभाळा. दुसरा सांगतो की पाहिलेलं विसरू नका. व्हेक्टरची साधनं पहिल्या पेपराकडे ओढतात. वर्तुळ, चौकोन, आरसाप्रतिमा, एकाच्या दहा प्रती, सगळं एका बटणावर असतं. सोपं करण्याचा मोह चित्रकाराआधी यंत्रालाच होतो, आणि दुसरा पेपर मग कोऱ्याचा कोरा राहतो.

सर: आता एक सांग. हे तुझं व्हेक्टर म्हणजे नेमकं काय? फोटोसारखंच ना?

ती: नाही सर. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. मोठा केला की ठिपके फुटतात. व्हेक्टरमध्ये ठिपके साठवत नाहीत. इथून इथपर्यंत रेघ, तिचं वळण एवढं, आतला रंग हा, एवढंच लिहून ठेवलेलं असते. म्हणून तेच चित्र तिकिटाएवढं छापा नाहीतर स्टेशनच्या भिंतीएवढं, कड तशीच धारदार राहते. वळणाचं गणित बेझिएचं. पिअर बेझिए फ्रान्समध्ये रेनो मोटार कंपनीत इंजिनिअर होता. साठच्या दशकात मोटारीच्या पत्र्याची वळणं संगणकाला समजावी म्हणून त्यानं ही रीत वापरात आणली. त्याच्याही आधी सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यानं तेच गणित मांडलं होतं.

सर: म्हणजे कर्तव्यभूमितीच.

ती: तीच. फक्त फ्रेंच कर्व्ह हातात धरावा लागत नाही. हे बिंदू आहेत ना, यांना आम्ही नोड म्हणतो. नोडला दोन कान असतात. कान ओढला की रेघ वळते.

सर: मग मी पेन्सिलीनं काढून दिलेलं चित्र स्कॅन करून आपोआप होत नाही का?

ती: होते. ट्रेसचं बटण आहे. पण ते तुमच्या हाताची प्रत्येक थरथर नोड म्हणून नोंदवते. एका बैलाचे हजारो नोड होतात. मग एक शिंग जरा वाकवायचं म्हटलं तरी होत नाही. म्हणून मी हातानंच काढते. वळणाच्या टोकावर बिंदू, मध्ये कुठंच नाही. एका शिंगाला तीन पुरतात.

सर: टोकावर. म्हणजे बाह्यरेषा काढताना मी म्हणत होतो तसं. रेघ जिथं दिशा बदलते तिथं पेन्सिल थांबली पाहिजे.

ती: म्हणूनच तर मला हे लवकर जमलं.

सर यावर काही बोलत नाहीत, पण खुर्ची आणखी पुढे घेतात. दुसरं कार्ड कापसाचं. माझ्या मते सगळ्या संचात हेच सर्वांत अवघड आहे, कारण या भागात कापूस सगळ्यांनी पाहिलेला आहे.

ती: यात फार काही नाही. पांढरा गोळा, खाली तपकिरी काडी. मागे काळी माती.

सर: ही काडी वाळलेली काहून?

ती: तशीच असते ना. दुकानात फुलदाणीत ठेवतात तशी.

सर: ती सजावटीची. आपली पऱ्हाटी कधी अशी उभी राहते? पऱ्हाटीला एका वेळी पाती असते, फूल असते, हिरवं बोंड असते आणि फुटलेला कापूसही असतो. सगळं एकाच झाडावर. फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एका झाडावर दोन्ही रंग दिसतात. तुला रंग मोजके पाहिजेत ना? मग ते झाडावरूनच घे. पांढरा, गुलाबी, पानाचा हिरवा, मातीचा काळा.

ती: हे मी कुठंच पाहिलं नाही. म्हणजे चित्रात.

सर: शेतात पाहिलंस, पण चित्र काढताना शेत आठवलं नाही तुला. आणि तो गोळा. बोंड फुटते तेव्हा आत कप्पे असतात. आजच्या अमेरिकन जातीच्या कपाशीला चार नाहीतर पाच, आपल्या जुन्या देशी वाणाला तीन-चार. तू सहा फुगे काढले आहेत.

ती: सहा काढले की वर्तुळात नीट बसतात. साठ-साठ अंशांवर फिरवता येतात.

सर: कंपासपेटीला सोयीचं म्हणून झाडानं सहावा कप्पा काढायचा का?

ती हसते आणि एक कप्पा काढून टाकते. पाच उरतात, आता बहात्तर अंशांवर. बोंडाखाली दातेरी कडांच्या तीन हिरव्या पात्या असतात, त्याही ती जोडते. झाडाची खूण तिथंच पटते. चित्र पूर्वीइतकंच साधं राहिलं. एक आकार गेला, तीन आले, आणि कार्ड एकदम वर्धा जिल्ह्यात आलं.

कमी रेघांत काढणं म्हणजे कमी माहितीत काढणं, हा या कामातला मोठा गैरसमज आहे. पाच कप्पे की सहा, हे काढायला सारखीच मेहनत लागते. पाच काढायला मात्र बोंड हातात घेतलेलं असावं लागतं.

तिसऱ्या कार्डावर शकुंतला. पुलगाव ते आर्वी, पस्तीस किलोमीटर, अरुंद रुळांची गाडी. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांसारखीच हीदेखील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. किलिक-निक्सन ही त्या कंपनीची व्यवस्थापक पेढी. कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायचा, तिथून मुंबईला, मुंबईहून जहाजानं मँचेस्टरला, यासाठी ही जाळी विणली गेली. आज आर्वीच्या मार्गावर गाडी नाही.

सर: हे इंजिन कुठून घेतलं?

ती: हे मात्र शोधून घेतलं सर. झेडडी वर्गाचं, १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं. १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं.

सर: कुठं धावलं?

ती: यवतमाळ-मूर्तिजापूर.

सर: मग यवतमाळच्या कार्डावर लाव.

ती: सर, दोन्हीकडची गाडी शकुंतलाच. इतकं काटेकोर राहिलो तर माझ्याकडे काढायला काहीच उरत नाही. आर्वीच्या गाडीचा स्वच्छ फोटो मला मिळाला नाही. अंदाजानं काढलं तर तुम्ही म्हणाल खोटं, दुसऱ्या मार्गाचं काढलं तर म्हणाल दुसऱ्याचं. मी करू काय?

सर: इंजिन काढूच नको.

ती: गाडीच्या कार्डावर गाडी नको?

सर: आपलं जंक्शन कशामुळे जंक्शन होतं? एका स्टेशनात दोन मापांचे रूळ होते म्हणून. मोठी लाइन केवढी असते?

ती: ब्रॉडगेज एक हजार सहाशे शहात्तर मिलिमीटर.

सर: आणि आर्वीची?

ती: सातशे बासष्ट. अडीच फूट.

सर: काढ.

ती दोन रेघा ओढते, मग शेजारी आणखी दोन, दुपटीहून जास्त जवळ. माप अगदी खरं, फक्त लहान केलेलं. मोठ्या रुळांचे स्लीपर लांब, धाकट्यांचे आखूड. वरची दोन-तृतीयांश जागा रिकामी, उन्हाच्या रंगाची. एका कोपऱ्यात कापसाची एक गाठ. दुसरं काही नाही.

या कार्डावर दोघांचं एकमत होतं आणि माझंही. संचातलं सर्वांत साधं चित्र हेच, आणि सर्वांत खरंही हेच. अंदाज करावा लागेल असं त्यात काही नाही. आर्वीकडून आलेला कापूस कुठं उतरला आणि कुठं चढला, ते त्या चार रेघांत दिसतं. व्हेक्टर चित्राची खरी ताकद अशा ठिकाणी कळते. माप हाच ज्याचा आशय आहे, असा विषय हाताच्या चित्राला इतका नेमका झेपला नसता.

चौथ्या कार्डावर मात्र एकमत होत नाही. विषय पुलगाव कॉटन मिल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही गिरणी कित्येक पिढ्यांना पोसून बंद पडली.

ती: कामगार काढले आहेत. तिघं. पाळी सुटली आहे, डबा घेऊन घरी निघालेत.

सर: यांना तोंड कुठं आहे?

ती: या शैलीत चेहरा काढत नाहीत सर. नुसता अंडाकार, त्वचेच्या रंगाचा. कार्डावर डोकं जेमतेम सहा मिलिमीटरचं येते. त्यात डोळे-नाक काढलं की व्यंगचित्र होते.

सर: बँकेच्या जाहिरातीतल्या माणसाला तोंड नसलं तर चालते. तो कोणीच नसतो. ही माणसं कोणी तरी होती. गावात ज्याचा बाप, नाहीतर काका, नाहीतर आजा गिरणीत नव्हता असं घर शोधावं लागेल. त्यांच्या हातात कार्ड पडेल तेव्हा ते काय पाहतील? अंडं?

ती: मग काय करू? एखाद्या खऱ्या माणसाचा चेहरा काढू? बाकीचे विचारतील, आमचा काहून नाही?

सर: पाठमोरे काढ.

ती: पाठमोरेही बिनचेहऱ्याचेच ना.

सर: नाही. पाठमोऱ्या माणसाला चेहरा असते. आपल्याला दिसत नाही एवढंच.

ती: ही पळवाट वाटते मला. शैली अपुरी आहे हे मला मान्य आहे. पण मग या कार्डात माणूस घेऊच नये. दार काढते, बंद दार. पाहणारा आपली माणसं त्यात स्वतः भरेल.

सर: बंद दार काढलं की गिरणी बंद पडली एवढंच उरते. ती चालत होती, तिच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालत होतं, हे कोण सांगेल?

त्यांचा वाद इथं मिटत नाही आणि मी तो मिटवणार नाही. माझं मत द्यायचं तर, आजच्या सपाट चित्रशैलीचा हा सर्वांत मोठा दोष आहे. ती वस्तू उत्तम काढते, झाड उत्तम काढते, आणि माणूस आला की त्याला बाहुली करते. जगभरच्या कंपन्यांच्या जाहिरातींतून ही बिनतोंडाची, लांब हातांची माणसं आपल्याकडे आली. तिथं त्यांचा उपयोग असेल. कष्टाच्या आठवणीवर ती बसवू नयेत. पण ती म्हणते त्यातही तथ्य आहे. जे नीट काढता येत नाही ते वाईट काढण्यापेक्षा न काढलेलं बरं.

तिला सोपेपणाची बाजू आणखी एका जागेवरून मांडायची आहे, आणि ती जागा याच जिल्ह्यातली आहे.

ती: सर, सेवाग्रामला बापू कुटीत भिंतीवर काय आहे आठवते?

सर: मीराबेननं केलेलं काम. मातीत उठाव देऊन.

ती: ताडाची झाडं आणि चरखा. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचं. रंग नाही, छाया नाही. झाडाचा बुंधा म्हणजे एक पट्टी, वर झावळ्या. गांधीजी १९३६ साली सेगावला, आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं झाली. कोणी म्हणते का हे चित्र अपुरं आहे म्हणून? आणि स्वच्छ भारतचं बोधचिन्ह घ्या. २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी नुसता चष्मा काढला, ना डोकं ना चेहरा. देशानं ओळखलं.

सर: चष्मा ओळखला कारण माणूस आधी ओळखीचा होता.

ती: आणि आपली शकुंतला कोणाच्या ओळखीची नाही?

सर: आपल्या पिढीच्या आहे. कार्ड पुढच्या पिढीच्या हातात जाणार. त्यांच्यासाठी काहीतरी जास्त ठेवावं लागेल. चित्रात नसेल तर मागच्या बाजूला दोन ओळी लिही.

ही सूचना मला फार मोलाची वाटते. चित्राची मागची बाजू बहुतेक डिझाइनर छापखान्यावर सोडून देतात. तिथं चार ओळी पत्त्याच्या, तिकिटाचा चौकोन आणि पिनकोडच्या सहा चौकटी. ही सहा अंकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, डाक-तार खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पुलगावचा पिन ४४२३०२. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात हे सहा अंक आधीच छापून ठेवले तर कार्ड कुठून निघालं ते शिक्का पुसट आला तरी कळेल. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा. डाकघरातलं साधं कार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं. स्वतः छापलेल्या चित्रकार्डाला तिकीट वेगळं लागतं. त्याचा दर छपाईआधी डाकघरात विचारून घ्यावा आणि चौकोनात लिहावा.

पाचवं कार्ड चटकन ठरतं. तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर-वर्ध्याकडची मुलं लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचे नंदी तर दूरवर प्रसिद्ध आहेत. सुतारानं बैल आधीच सोपा करून ठेवलेला असतो. खाली चार चाकं, वर वशिंडाचा एकच उठाव, शिंगांची जोडी. तिला फारसं काही करावं लागत नाही. सर फक्त झूल गडद करायला सांगतात.

सहाव्या कार्डावर येताना दोघांचाही आवाज खाली येतो.

ती: डेपोचं काय करायचं? पुलगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला दारूगोळा भांडारच आठवते.

सर: ते काढायचं नाही. संरक्षण खात्याच्या जागेचं रेखाटन करणंही कायद्यानं अंगाशी येऊ शकते. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे.

ती: जागा नाही काढत. पण ३१ मे २०१६ ची आग? पहाटेच्या आधी गाव उठून बाहेर आलं होतं. अधिकारी, जवान, आग विझवणारी माणसं गेली. त्यांच्यासाठी एक कार्ड असावं असं वाटते. हेल्मेट, पाण्याची नळी, मागे नारिंगी...

सर: नारिंगी कसला?

ती: ज्वाळा.

सर: सूर्य काढायचा तर काय करशील? तोच नारिंगी, तशीच गोल कड. तुझ्या या पद्धतीत सगळं प्रसन्न दिसते, बाई. ज्वाळाही फुलासारखी दिसेल. ज्याच्या घरचा माणूस गेला त्यानं ते कार्ड कसं पाहावं?

ती बराच वेळ ते नारिंगी आकार पाहते आणि मग काढून टाकते. सहावं कार्ड नदीचं करायचं ठरतं. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा, पुलगावजवळून वाहणारी, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांची सीमा झालेली. उन्हाळ्यातलं पात्र, वाळूचा मोठा पट्टा आणि त्यात निळी बारीक धार. सरांचं म्हणणं मला इथं निर्विवाद पटतं. प्रत्येक शैलीचा एक स्वभाव असतो. सपाट उजळ रंगांची गोल कडांची शैली आनंद सांगू शकते, ओळख सांगू शकते, जुनी गंमत सांगू शकते. शोक सांगायला दुसरं माध्यम हवं, आणि ते मिळेपर्यंत थांबावं.

शेवटचा वाद एका अक्षराचा.

सर: हा ‘ल’ कोणता घेतला?

ती: फॉन्टमध्ये आला तो.

सर: हा दंडाचा. हिंदीचा. मराठीचा ल पाकळीचा, दोन पाकळ्या समोरासमोर. शासनाच्या वर्णमालेतही तोच आहे. गावाच्या नावात एकच ल, तोही उसना?

ती: सर, यासाठी फॉन्ट बदलायची गरज नाही. बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये मराठीचा ल आत दडलेला असतो. मजकुराची भाषा मराठी निवडली की तो वर येतो. नाहीतर अक्षरलेखन तुम्ही करा. बोरू घ्या, कागदावर पुलगाव लिहा. मी त्याचे नोड बसवते.

सर: बोरू आहे अजून माझ्याजवळ.

छपाईचं बोलणं मग दहा मिनिटांत आटोपतं, पण ज्यांना असा संच करायचा आहे त्यांच्यासाठी ते इथं ठेवतो. कागद जाड घ्या, आणि मागची बाजू खरखरीत ठेवा. दोन्हीकडे गुळगुळीत असेल तर पेनची शाई पसरते. कडेला तीन मिलिमीटर रंग जास्त सोडा, म्हणजे कापताना पांढरी पट्टी राहत नाही. छापखान्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या, नाहीतर त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पुलगावचं भलतंच काहीतरी होतं. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर येत नाही, म्हणून आधी एक नमुना काढून उन्हात धरून पाहा. नुसती काळी शाई कागदावर राखाडी वाटते. काळ्या मातीसाठी तिच्यात थोडा निळा मिसळावा लागतो. सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजायलाच हवेत असंही नाही. इंकस्केप २००३ पासून फुकट मिळतं आणि अशा कामाला पुरून उरतं.

पूल अजून व्हायचा आहे. ती नदीवर जाणार आहे, वही-पेन्सिल घेऊन. लोकांच्या वाटेवरून, लांबूनच, रुळांवर न चढता खांब मोजणार आहे. कमानी की गर्डर, खांबांमधलं अंतर सारखं की कमीजास्त, पाणी कुठल्या खांबापर्यंत येतं. या चार गोष्टी वहीत आल्या की बाकीचं सगळं गाळायला ती मोकळी आहे.

पुलगावकरांना एक विनंती. आर्वीच्या गाडीचा, गिरणीच्या पाळीचा, दोन मापांच्या रुळांच्या स्टेशनचा एखादा फोटो तुमच्या घरात अल्बममध्ये, ट्रंकेत, देवघराच्या फळीवर असेल तर तो काढा. मागे मऊ पेन्सिलीनं साल आणि जागा लिहा, आणि फोटोत कोण आहे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून घ्या. तुमच्या गावचं चित्र काढायला जी मुलगी किंवा मुलगा बसेल, त्याला तो फोटो दाखवा.